फ्रीडरिखच्या ओकचा शेंडा वाळलेला का?

काजळरेघ: जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिखच्या 'एकाकी वृक्ष' (१८२२, बर्लिन, ५५ × ७१ सेंमी) या चित्राची तैलरंगात प्रत करायची आहे. ओकचा शेंडा पार वाळलेला, खाली मात्र भरगच्च पानं. याचा अर्थ काय लावायचा? आणि प्रतीत झाड मेलेलं दिसू नये म्हणून काय सांभाळायचं?

पानगळ: जुन्या ओकच्या मुळांना पाणी पुरेनासं झालं की तो शेंडा सोडून देतो आणि खालचा घेर जगवतो. अशी झाडं पुढेही दीर्घकाळ टिकतात. म्हणजे चित्रात आहे ते मरण नाही, तगून राहणं आहे. बुंध्याला टेकलेला मेंढपाळ आणि भोवतीची मेंढरं पाहा: झाड अजून आसरा देतंय. शिवाय बँकर वागेनरसाठी केलेल्या जोडचित्रांतलं हे सकाळचं चित्र, संध्याकाळचं म्हणजे समुद्रावरचा चंद्रोदय. 'ओकवनातला मठ' (१८०९–१०) शेजारी ठेवा. तिथे निष्पर्ण ओक, पडकं चर्च आणि शवपेटी नेणारे भिक्षू. तो ओक मरणाचाच. ओक म्हणजे जुना मूर्तिपूजक काळ आणि सदाहरित झाड म्हणजे ख्रिस्ती आशा, असं वाचन बरेच अभ्यासक करतात. पण ते प्रत्येक चित्राला कुलूपकिल्लीसारखं लावू नका.

ओला कुंचला: आकाश आधी पूर्ण करून वाळू द्या. वाळलेली फांदी टोकाला निमुळती होत नाही, तुटून बोथट होते. सगळी टोकं बारीक केलीत तर ती फक्त हिवाळ्यातली फांदी दिसेल. साल गेलेलं लाकूड फिकट राखाडी, जिवंत फांदी गडद. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळा, राखाडीसाठी त्यात पांढरा. काळा नको, त्याने झाड आकाशावर कापून चिकटवल्यासारखं दिसतं. दर फाट्यानंतर जाडी कमी झालीच पाहिजे. लिओनार्दोचा नियम असा, की एका उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर बुंध्याइतक्या भरतात. पानांमधून दिसणारं आकाश मोकळ्या आकाशापेक्षा किंचित गडद ठेवा, नाहीतर ती भोकं चकाकतात आणि घेर विस्कटतो.

शेवरी: पुढे आपल्याकडचं झाड घेऊन असंच चित्र करणार असाल तर पळस किंवा काटेसावर टाळा. ती ऐन निष्पर्ण असताना फुलतात, त्यामुळे उघड्या फांदीचा अर्थच उलटा होतो. त्यापेक्षा शेंडा वाळलेला जुना आंबा घ्या.