लहान मुलं आणि गाणं : तुमच्याकडे काय घडलं?

परवा एका बारशाला गेले होते. पाळण्यातल्या बाळाच्या उशाशी कुणीतरी मोबाइल ठेवला होता आणि त्यातून पियानो वाजत होता. "मेंदूसाठी चांगलं असतं," बाळाची मावशी म्हणाली. पाळणा पाठ असलेल्या मात्र दोनच आज्या उरल्या होत्या. बाकी आम्ही कडव्याच्या शेवटचं 'जो जो' तेवढं उचलत होतो.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा. तुमच्या घरात, अंगणवाडीत, वाडीत लहान मुलांचं आणि गाण्याचं काय झालं ते लिहा. 'संगीताने मूल हुशार होतं' हे वाक्य नको, ते सगळीकडे वाचलंय. डोळ्यांनी पाहिलं ते सांगा. फसलं असेल तर तेही.

शंकासुर
पियानोवरून आठवलं. थोरल्याच्या वेळी मीही तसली सीडी आणली होती, चांगले साडेतीनशे मोजून. नंतर वाचलं तेव्हा कळलं की 'मेंदूसाठी चांगलं' हे ज्यावरून सुरू झालं, तो १९९३ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेला मूळ प्रयोग कॉलेजच्या ३६ मुलांवर होता. दहा मिनिटं मोझार्ट या युरोपातल्या जुन्या संगीतकाराचा पियानो ऐकल्यावर आकार ओळखायच्या कोड्यांत ती जरा पुढे गेली आणि दहा-पंधरा मिनिटांत परिणाम ओसरला. बस. तान्ह्या बाळांचा तिथे संबंधच नव्हता. तरी १९९८मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना सीडी वाटायला सरकारी पैसे मागितले होते! आमच्या थोरल्याला त्या सीडीचं एकच आवडायचं : उन्हात धरली की भिंतीवर इंद्रधनुष्य पडतं.

अंगणवाडीताई
मी बीडकडची. माझी एक युक्ती सांगते. गाणं म्हणताना ओळीतला शेवटचा शब्द मी गिळते. पोरं तो पुरा करतात. एक पोरगं चार महिने तोंड उघडत नव्हतं, नुसतं खिडकीतून शेळ्या बघायचं. एक दिवस मी शब्द गिळला आणि बाकीची पोरं नेमकी खिचडीच्या वासाने दाराकडे बघत होती. तर हा एकटाच मागून बोलला. मी वळून बघितलं नाही मुद्दाम. बघितलं असतं तर परत गप झाला असता.

दुसरं, आमच्याकडची निम्मी लेकरं दसरा झाला की आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात तेव्हा रंगांची नावं विसरलेली असतात, आकडे विसरलेले असतात. गाणी मात्र जशीच्या तशी, हातवाऱ्यांसकट. गेल्या साली एक पोरगी आली ती वर दोन नवीन घेऊन आली, फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, शेजारच्या पोरींकडून शिकलेली. माझ्या रजिस्टरात ह्याला रकाना नाही.

अर्धा तबलजी
मुलगा सहाचा, घरात नुसतं वादळ. तबल्याला घातला. गुरुजींनी दीड महिना तबल्याला हातच लावू दिला नाही. मांडीवर तीनताल धरायचा : पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे हात बाजूला उलटा. फी भरून नुसत्या टाळ्या, असं माझ्या मनात यायचं.

त्याला अवघड काय गेलं, तर ती नववी मात्रा. हात वर गेला की टाळी पडायचीच. गुरुजी रागवायचे नाहीत, पुन्हा एकपासून सुरू करायचे. आठ-दहा दिवस हेच. मग एका संध्याकाळी हात अर्ध्यात आला, थांबला आणि उलटा झाला. पोरगा स्वतःच्या हाताकडे असा बघत होता, जणू तो शेजाऱ्याचा आहे.

आता धाकट्या बहिणीने खोडी काढली की तो हात उगारतो, 'खाली!' असं ओरडतो आणि थांबतो. नंतर मारतोच. पण तेवढ्यात ती पळालेली असते. पाढ्यांत मात्र काडीचा फरक नाही, सात साता अजून बेचाळीस.

म्युनिकवाल्यांची आजी
नातू चार वर्षांचा. बोलताना 'बाल', 'फल', 'काला'. व्हिडिओ कॉलवर माझ्याबरोबर बडबडगीत म्हणताना मात्र ळ असा घोळवतो की वा! फोन ठेवला की पुन्हा 'फल'. मी सुधारत बसत नाही.

दुसरा मजला
आमची मुलगी दीड वर्षाची होईपर्यंत तिला ऐकू येत नाही हे आम्हाला कळलंच नाही. ताट पडलं तरी वळायची नाही आणि आम्ही कौतुकाने म्हणायचो, केवढी शांत पोर! अडीचाव्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे आवाजाचे विजेचे संकेत थेट कानाच्या नसेला देणारं यंत्र बसवलं. थेरपिस्ट ताईंनी सांगितलं, रोज सकाळी यंत्र लावलं की सहा आवाज तपासायचे : म, ऊ, आ, ई, श, स. शेजारी बसून, ओठ दिसू न देता. आणि दिवसभर गायचं. मी म्हटलं, मला सूर नाही हो. त्या म्हणाल्या, "तिलाही नाही. बसा दोघी."

आपल्या कानात आवाज टिपणाऱ्या हजारो केसपेशी असतात, तिच्या यंत्रात त्यांच्या जागी संकेत देणारे २२ इलेक्ट्रोड. 'सा' आणि 'रे'मधला फरक त्यातून धड पोचत नाही. ठेका पोचतो. मी भाकरी थापायला बसले की ती परातीसमोर बसायची. थापणं थांबवून मी भाकरी तव्यावर टाकली की तिचा चेहरा पडायचा. एकदा अशीच थांबले तर म्हणाली, "अजू." अजून. तो तिचा पहिला शब्द. त्या दिवशी आमच्याकडे गरजेपेक्षा सात भाकऱ्या जास्त झाल्या.

आता पाच वर्षांची आहे. अख्खं गाणं एकाच सुरात म्हणते, पण ताल चुकत नाही. एका नातेवाइकाने तोंडावर सांगितलं, "हिला गाण्याचा काय उपयोग?" त्यांना उत्तर दिलं नाही, चहाही बेताचाच दिला. विसर्जनाच्या मिरवणुकीत मोठी माणसं कानात बोटं घालतात, ही यंत्र काढून खिशात टाकते आणि नाचते.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट आरत्या. घुमट म्हणजे तोंडाला कातडं ताणलेलं मातीच्या मडक्याचं वाद्य. हल्ली बकरीचं कातडं लावतात, पूर्वीच्या घोरपडीच्या कातड्यावर बंदी आहे. लहानग्यांना आधी कासाळें, म्हणजे झांज, देतात. माझा भाचा पाहुणे आले की पलंगाखाली शिरणारा; पण कासाळें हातात असलं की वीस माणसांच्या मध्ये उभा. आरती संपली की परत पलंगाखाली.

पेटीग्रस्त
विरुद्ध बाजू लिहितो. मला पाचव्या वर्षी पेटीला बसवलं, पुढे परीक्षांना. चुकलं की बोटांवर पट्टी. क्लासचं नाव घेत नाही. आज चाळिशीत पेटी दिसली की बोटं मिटतात. लेकीला क्लास लावलेला नाही, आंघोळीच्या बादलीवर काय बडवायचं ते बडवते.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार, लिहीत राहा. दुसरा मजला, एक विचारू का? रात्री झोपताना यंत्र काढावं लागत असेल ना? मग अंगाईचं काय करता?

दुसरा मजला
हो ताई, चार्जिंगला लावतो. ऐकू काहीच येत नाही. ती माझ्या गळ्यावर हात ठेवते आणि मान हलवून 'चल' म्हणते. दोन कडव्यांत हात घसरतो, मग मी थांबते.