५३ मुलं, ८ गट: एक्सेलमध्ये समान कसे पाडायचे?

खडूपूड (परळ):
आठवी ब, ५३ मुलं, राणीबागेची सहल. शिक्षक आठ, म्हणून गट आठ. ऑफिसातल्या सरांनी फॉर्म्युला दिला: हजेरी क्रमांक भागिले ७, वर राउंडअप. सात गटांत सात-सात गेले नि आठव्यात उरले चार! ते चार जिच्याकडे आलेत ती बाई खूश, बाकी सगळे माझ्यावर उखडलेत. शिवाय हजेरीपटात आधी मुलगे, मग मुली. पहिले गट नुसते मुलग्यांचे. उपाय सांगा. एक्सेल २०१६ आहे.

लेजरवाला (कुर्ला):
मॅडम, भागाकार नको, बाकी घ्या. पत्ते वाटतो तसं: एकेक सगळ्यांना, मग परत पहिल्यापासून. नावं दुसऱ्या ओळीपासून असतील तर
=मॉड(रो()-२,८)+१
(मी मराठीत लिहिलंय, तुम्ही इंग्रजीत टाइप करा. मॉड म्हणजे बाकी, रो म्हणजे ओळीचा क्रमांक.) पाच गट सातचे, तीन सहाचे. याहून समान ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. आणि आधी मुलगे मग मुली हा क्रम मोडू नका, तोच कामाला येतो. मुलगे जिथे संपले तिथून पुढच्या गटापासून मुली सुरू, म्हणजे दोघंही आपोआप सारखे वाटले जातात.

खडूपूड:
बसलं! पण दर वेळी हेच गट येणार ना? पोरं कटकट करतात.

लेजरवाला:
शेजारच्या कॉलममध्ये =रँड() भरा, म्हणजे प्रत्येकासमोर कुठलाही एक आकडा येईल; तो कॉलम कॉपी करून तिथेच पेस्ट स्पेशल, व्हॅल्यूज. नाहीतर शीटमध्ये कुठेही बोट लागलं की आकडे बदलतात. मग सॉर्ट: आधी मुलगा-मुलगी, नंतर रँड. शेवटी गटाचा कॉलमही व्हॅल्यूज करा आणि मगच यादी परत हजेरी क्रमाने लावा. तो फॉर्म्युला ओळ बघतो, मूल नाही. सॉर्टबाय, रँडअरे या फंक्शन्सच्या नादी लागू नका, २०१६ मध्ये ती नाहीत.

दादरकरीण:
सहलीला ठीक. अभ्यासाचे गट गुणांच्या उतरत्या यादीवरून पाडाल तर प्रत्येक फेरीत वरचा मुलगा गट १ ला जातो, आठवा गट कायम मागे. तिथे १ ते ८ गेल्यावर ८ ते १ परत या:
=मिन(मॉड(रो()-२,१६),१५-मॉड(रो()-२,१६))+१
आणि काय हो, सहल बुधवारी नाही ना ठेवलीत? राणीबाग बुधवारी बंद असते.