आखातात पहिलं वर्ष भरायच्या आत कंपनी बदलावी का?

गोदाकाठ
नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हात बसला की वेल्डर-फिटर अमिरातीत जातो आणि सहाव्या महिन्यात विचारू लागतो, शेजारची कंपनी चारशे दिरहम जास्त देतेय, सोडू का? माझं मत: नका सोडू. वर्ष भरू द्या.

2 फेब्रुवारी 2022 पासून तिथे नवा कामगार कायदा लागू आहे (2021 चा क्रमांक 33). प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने. त्या काळात अमिरातीतल्याच दुसऱ्या कंपनीत जायचं तर किमान एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची, आणि तुम्हाला आणायला जुन्या कंपनीचा जो खर्च झाला तो नव्या कंपनीने भरायचा. साध्या फिटरसाठी हा भुर्दंड कोण सोसतंय? सोसलाच तर पुढच्या चार पगारांतून गुपचूप वळता होतो. तो वळता करणं बेकायदा, हे मान्य. पण लेबर कॅम्पात राहणारा माणूस त्यासाठी भांडायला जातो का? वर ग्रॅच्युइटीचं आहेच, वर्ष भरल्याशिवाय छदामही नाही.

सातपूरकर
ग्रॅच्युइटीचा एवढा बाऊ नको. मूळ पगार 1500 धरा. दिवसाचे झाले 50, वर्षाला 21 दिवसांचे मिळतात, म्हणजे 1050 दिरहम. चारशे जास्त देणारी कंपनी तीन महिन्यांच्या आत ते भरून काढते.

शिवाय तुम्ही दोन गोष्टींची सरमिसळ करताय. खर्च भरून देण्याचं कलम प्रोबेशनपुरतं आहे. सातव्या महिन्यात ते संपलं. पुढे करारात लिहिलेली नोटीस, 30 ते 90 दिवसांमधली जी असेल ती, पूर्ण करा आणि निघा. ‘वर्ष’ हा आकडा तुम्ही कुठून आणला?

गोदाकाठ
आकडा हवेतला नाही. अमिरातीत नोकरी गेल्यावरचा विमा आहे, 1 जानेवारी 2023 पासून. मूळ पगार 16,000 पर्यंत असेल तर महिन्याला 5 दिरहम हप्ता. नोकरी गेली तर मूळ पगाराच्या 60 टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. पण सलग 12 महिने हप्ते भरलेले हवेत, आणि स्वतः राजीनामा दिला तर काही मिळत नाही. आता बघा, आठव्या महिन्यात तुम्ही उडी मारली. नव्या कंपनीत प्रोबेशन पुन्हा पहिल्यापासून. हप्त्यांचे 12 महिने भरायच्या आत तिने 14 दिवसांची नोटीस देऊन काढलं तर हातात ग्रॅच्युइटीही नाही आणि विमाही नाही.

आणि ते चारशे मूळ पगारात आहेत की भत्त्यात? ग्रॅच्युइटी, विमा, सगळं मूळ पगारावर मोजतात. जुनी कंपनी राहायला-जेवायला देत असेल आणि नवी फक्त ‘रूम अलाउन्स’, तर ते चारशे खोलीभाड्यातच गेले.

सातपूरकर
हा मुद्दा बरोबर, मान्य. पण मग सल्ला ‘ऑफर नीट वाचा’ असा द्या ना. ‘थांबा’ असा कशाला?

कागद आधी
दोघेही तारखांवर भांडताय. माणूस खरा अडकतो तो जुनं परमिट रद्द करायच्या फॉर्मवर.

क्रम असा असतो. आधी नव्या कंपनीकडून कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर घ्यायचं. कंपनीच्या लेटरहेडवरचं नुसतं पत्र चालत नाही. मंत्रालयाचं ऑफर लेटर अरबी-इंग्रजीसोबत हिंदीतही मिळतं (मराठीत नाही, पण भागतं). त्यात मूळ पगार, पद, कामाचे तास वाचून सही करायची. त्यानंतरच राजीनामा. नोटीस संपली की जुनं वर्क परमिट रद्द होतं, मग रहिवासी व्हिसा. पुढे नवं परमिट, मेडिकल, एमिरेट्स आयडी, नवा व्हिसा. नवं परमिट हातात येईपर्यंत नव्या साइटवर एक दिवसही काम करायचं नाही, ‘नुसतं बघायला ये’ म्हणाले तरी नाही.

आता तो फॉर्म. जुनं परमिट रद्द करताना कामगाराची सही लागते, आणि त्यात ‘माझे सर्व येणे मिळाले’ असं वाक्य असतं. एचआरवाला म्हणतो, आज सही कर, पैसे गुरुवारी खात्यात येतील. सही झाल्यावर गुरुवार उजाडत नाही. कायद्याने सगळी देणी नोकरी संपल्यापासून 14 दिवसांत द्यायची असतात. बँकेचा मेसेज मोबाइलवर दिसेपर्यंत सही करू नका. अडवणूक झाली तर मंत्रालयाकडे तक्रार करा. 50,000 दिरहमपर्यंतच्या दाव्यावर मंत्रालयच निर्णय देतं. दावा करायची मुदत नोकरी संपल्यापासून दोन वर्षं.

व्हिसा रद्द झाल्यावर किती दिवस देशात राहता येतं ते प्रवर्गानुसार 30 ते 180. गावच्या मित्राला 60 मिळाले म्हणून तुम्हालाही मिळतील असं धरू नका, स्वतःची तारीख तपासा. ती उलटली की रोज 50 दिरहम दंड.

नांदूर नाका
एवढी भानगड कशाला? प्रोबेशनमध्ये 14 दिवसांची नोटीस देऊन घरी यायचं, नाशिकला महिनाभर राहायचं, आणि व्हिजिट व्हिसावर परत जाऊन नवी नोकरी. एजंट सगळं करून देतात.

कागद आधी
हीच पळवाट कायद्याने बुजवली आहे. प्रोबेशनमध्ये देश सोडायला 14 दिवसांची नोटीस पुरते, खरं. पण निघाल्यापासून तीन महिन्यांच्या आत नवं परमिट घेऊन परतलात तर जुन्या कंपनीचा खर्च नव्या कंपनीच्या डोक्यावर बसतोच. नोटीस न देता निघालात तर वर्षभर परमिटच नाही. आणि सलग सात दिवसांहून जास्त न सांगता गैरहजर राहिलात तर कंपनी फरारीची नोंद करू शकते.

व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधता येते, पण काम करता येत नाही. 2024 च्या दुरुस्तीनंतर परमिटशिवाय कामाला ठेवणाऱ्या कंपनीला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. म्हणून धाड पडली की कंपनीच आधी हात झटकते, ‘हा आमचा नाहीच’.

ज्याची दहावी झालेली नाही, ज्याचा पासपोर्ट ईसीआर आहे (म्हणजे परदेशी नोकरीआधी भारत सरकारची मंजुरी लागते), त्याला एजंट मुद्दाम व्हिजिटवर पाठवतो, कारण त्यात ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरची ती मंजुरी टळते. मंजुरी टळली की प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमाही गेला. नोंदणीकृत एजंटाला घेता येणारी फी कमाल 30,000 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 35,400. सीबीएस बसस्थानकाजवळच्या टपरीवर कोणी दीड लाख मागत असेल तर चहा पिऊन उठायचं.

सातपूरकर
इथे मी ‘कागद आधी’ यांच्याच बाजूने. पण गोदाकाठ, पगारच थकला असेल तर? तरीही वर्ष भरायचं?

गोदाकाठ
तिथे नाही. मालकाने करार मोडला तर मंत्रालयाला कळवायचं. 14 कामाच्या दिवसांत त्याने चूक सुधारली नाही तर नोटिशीशिवाय सोडता येतं. माझं म्हणणं चारशे दिरहमच्या मोहाबद्दल आहे. आणि हे सगळं अमिरातीचं. सौदीत मार्च 2021 पासून वर्षभर काम झाल्यावर मालकाच्या संमतीशिवाय बदलता येतं, तेही ‘किवा’ पोर्टलवरून. कतारमध्ये 2020 पासून जुन्या मालकाची एनओसी (ना-हरकत पत्र) गेली, पहिली दोन वर्षं एक महिन्याची नोटीस, पुढे दोन महिन्यांची. एका देशाचा नियम दुसऱ्याला लावलात की फसलात.

मखमलाबाद रोड
व्हॉट्सॲपवर पाठवलेला राजीनामा चालतो का?

कागद आधी
फोरमनच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका, तो उद्या नंबर बदलेल. एचआरला ईमेल करा. छापील प्रत देऊन दुसरीवर तारखेचा शिक्का आणि सही घ्या, आणि तिचा फोटो घरी पाठवून ठेवा. आणि हो, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असेल तर राजीनाम्याच्या आधी मागून घ्या. तो ठेवून घ्यायचा त्यांना अधिकारच नाही.

सातपूरकर
आधी मागितला की सुगावा लागतो ना राव.

कागद आधी
म्हणून सुट्टीवरून आल्यावर परत जमाच करायचा नाही.