प्रीबिल्ट गेमिंग पीसी: कात्री नेमकी कुठे लावू?

निशाचर:
नमस्कार मंडळी. बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमधल्या बारीक पिना बघूनच मला घाम फुटतो, म्हणून प्रीबिल्ट, म्हणजे आयता जोडलेला पीसी घेतोय. विक्रेत्याच्या पानावर एकेक भाग निवडता येतो. मी सुटलोच: रायझेन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर, आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्ड, ६४ जीबी रॅम, ३६० मिमीचा लिक्विड कूलर, २ टीबी एसएसडी, काचेची कॅबिनेट. बेरीज बघितली आणि गुपचूप टॅब बंद केला. साधारण पाचवा हिस्सा कमी करायचाय. मॉनिटर १४४०पी रिझोल्यूशनचा, रिफ्रेश रेट १६५ हर्ट्झ. ओपन वर्ल्ड गेम, एकट्याने, रात्री उशिरा.

पेचकस:
यादी चांगली आहे, फक्त पैसा उलटा वाटला गेलाय. ९८००एक्स३डीच्या ९६ एमबी एल३ कॅशचा (प्रोसेसरमधल्या वेगवान मेमरीचा) फायदा खरा, पण तो १०८०पीवर तीनशे फ्रेम्सच्या मागे धावणाऱ्यांना जास्त. १४४०पीवर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा जड इफेक्ट) लावलं की तुमचं घोडं ग्राफिक्स कार्डापाशीच अडणार. ९६००एक्स किंवा ९७००एक्स घ्या आणि वाचलेल्यातून ५०७० टीआय. ५०७०ला व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) १२ जीबी, टीआयला १६. एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी कार्ड मिळत असेल तर तेही १६चंच आहे, भाव बघून ठरवा. पुढे हौस आली तर एक्स३डी त्याच एएम५ सॉकेटमध्ये बसेल.

मी एकच बघतो: घरी दहा मिनिटांत काय बदलता येईल? ते आत्ता कमीत कमी घ्यायचं. एसएसडी १ टीबी पुरे, बोर्डावर एसएसडीसाठी दुसरा एम.२ स्लॉट आहे ना तेवढं बघा. लिक्विड कूलर काढून टाका. हे दोन्ही प्रोसेसर ६५ वॉटचे, साधा टॉवर एअर कूलर आरामात सांभाळतो.

रॅमच्या बाबतीत मात्र मी हाच शहाणपणा करून तोंडावर आपटलोय. माझ्या पहिल्या प्रीबिल्टमध्ये ‘१६ जीबी डीडीआर५’ म्हणजे एकच स्टिक निघाली. म्हटलं, ठीक आहे, दुसरी टाकू. तसलीच आणली, म्हणजे खोक्यावरून तरी तसलीच. एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं की मशीन सुरूच होईना. शेवटी दोन्ही काढून १६-१६चा एकत्र संच घेतला. एका पीसीसाठी तीनदा रॅम! ६४ नको, ३२ घ्या, पण दोन स्टिक आहेत हे लिहून घ्या. चार तर नकोच, डीडीआर५चा वेग उतरतो.

वॉटभर:
कोणाच्या लक्षात आलं का, यादीत पॉवर सप्लायच नाही! पानावर ‘७५० वॉट, गोल्ड’ एवढंच असेल. ८० प्लस गोल्ड म्हणजे वीज कमी वाया जाते, इतकंच. आतला माल कसा आहे ते त्यावरून कळत नाही. टीआय ३०० वॉटचं कार्ड आहे, ७५० पुरतात, पण मॉडेल विचारा. आणि बोर्ड, सप्लाय नेहमीच्या एटीएक्स मापाचे आहेत ना? काही प्रीबिल्टमध्ये कनेक्टरच कंपनीचे स्वतःचे असतात. मग सप्लाय गेला की बाजारातला दुसरा बसत नाही.

निशाचर:
विचारलं. उत्तर आलं: एटीएक्स आहे, रॅम दोन स्टिक ६०००च्या, बोर्ड ‘बी८५० किंवा तत्सम’, सप्लाय ‘७५० वॉट गोल्ड किंवा तत्सम’. टीआय धरूनही बेरीज आवाक्यात आली, थोडेसे उरलेत.

पेचकस:
‘तत्सम’ला पैसे देऊ नका. दोन्हींची मॉडेल ईमेलवर मागा, नाही दिली तर दुसरा विक्रेता. आणि पीसी आला की लगेच बटण दाबू नका. बाजूचं झाकण उघडून आतलं पॅकिंग काढा. मॉनिटरची केबल कार्डात, बोर्डात नाही (हसू नका, मी दोन दिवस तसाच खेळलो). मग टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघा. ६०००च्या जागी ४८०० दिसलं तर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) एक्स्पो बंद आहे. विंडोजमध्ये रिफ्रेश रेटही ६०वर राहिलेला असतो बऱ्याचदा.

निशाचर:
उरलेल्यातून काचेची कॅबिनेट ठेवू का?

वॉटभर:
बाजूला काच असेल तर खुशाल ठेवा. पुढच्या पंख्यांसमोरच काच असेल तर तीच रक्कम जाळीवाल्या कॅबिनेटवर घाला. फोटो टाका, सांगतो.