आईसारखी न दिसणारी पिल्लं विणायची आहेत, कोणते प्राणी घेऊ?

लोकरवेडी
नमस्कार मंडळी, क्रोशेवाले आणि प्राणीवाले दोघांनाही विचारायचंय. भाचीसाठी आई-पिल्लू अशा जोड्या विणतेय, चार-पाच तरी करायच्यात. पण नेटवर जे पॅटर्न मिळतात ते सगळे एका छापाचे, आईचाच पॅटर्न घ्या, टाके कमी करा, डोळे जरा मोठे लावा की झालं पिल्लू. पांडाचं पिल्लू म्हणजे छोटा पांडा आणि फ्लेमिंगोचं पिल्लू म्हणजे छोटा गुलाबी फ्लेमिंगो! भाची आठ वर्षांची आहे, जगातल्या कुठल्याही झूमध्ये काही जन्मलं की तिने व्हिडिओ आधीच पाहिलेला असतो, त्या थायलंडच्या मू डेंग नावाच्या पिटुकल्या पाणघोड्याचा वाढदिवस (१० जुलै २०२४) तिला तोंडपाठ आहे, माझा नाही. असलं काही दिलं तर ती पहिल्याच मिनिटाला चुका काढणार. तर जन्मताना खरंच वेगळी दिसणारी पिल्लं कोणती, आणि ती विणायला जमतील का? शिवाय घरात एक वर्षाचा भाचा आहे, जे दिसेल ते तोंडात, मग प्लास्टिकचे डोळे लावू की नको? मला साखळी, मुका खांब, मॅजिक रिंग, टाके वाढवणं-घटवणं येतं, रंग बदलताना मात्र धांदल उडते.

निशाचर
पांडा घेच. नवजात पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं आणि आई १०० किलोच्या आसपास, म्हणजे वजनात जवळजवळ नऊशेवा हिस्सा. काळं-पांढरं काही नसतं, गुलाबी कातडी, तिच्यावर विरळ पांढरी लव, आणि शेपूट अंगाच्या मानाने चांगली लांब, नंतर अंग वाढतं आणि शेपूट बिचारी मागे राहते. आठवडाभरात कातडीवर काळपट ठिपके उमटायला लागतात आणि महिन्याभरात तो आपल्या ओळखीचा पांडा दिसतो. २०१९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या लोकांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमध्ये जन्मून लगेच दगावलेल्या पिल्लांचे स्कॅन काढले, तर हाडांची वाढ माणसाच्या २८ आठवड्यांच्या गर्भाएवढीच निघाली. बाकीच्या अस्वलांची पिल्लंही आईच्या मानाने बारकीच असतात पण त्यांची हाडं बऱ्यापैकी तयार असतात, पांडाचंच काय बिनसलंय कोण जाणे.

खांबसाखळी
डोळ्यांचं आधी सांगते. एक वर्षाचं बाळ असेल तर सेफ्टी आइज अजिबात नको, नाव सेफ्टी असलं तरी मागची वॉशर पक्की बसते आणि विणच ताणून भोक मोठं होतं, मग डोळा अख्खा बाहेर येतो. दोऱ्यानेच भरा. आणि पांडा करणार असाल तर प्रश्नच मिटला, त्या पिल्लाचे डोळे दीड-दोन महिने उघडतच नाहीत, दोन वाकड्या रेघा भरल्या की झालं. सुई एक नंबर लहान घ्या आणि घट्ट विणा, नाहीतर आतला फायबर टाक्यांमधून डोकावतो. गुलाबी पिल्लात भरलेला पांढरा फायबर लगेच दिसतो.

घनमूळ
माप चुकवू नका म्हणजे झालं. वजन नऊशेपट कमी म्हणजे लांबी नऊशेपट कमी नव्हे, नऊशेचं घनमूळ काढा, साडेनऊच्या थोडं वर येतं. म्हणजे आई ३० सेंटीमीटरची विणलीत तर पिल्लू ३ सेंटीमीटरचं. खऱ्यातही तसंच आहे, पिल्लू १५-१७ सेंटीमीटर आणि आई दीड मीटरभर. याच हिशोबाने कांगारू केलात तर मजा आहे, लाल कांगारूचं पिल्लू जन्मतं तेव्हा अडीच सेंटीमीटरचं आणि एक ग्रॅमहून हलकं असतं, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब पण पुढचे हात दणकट, त्यांच्याच जोरावर ते स्वतः केसांतून सरपटत पिशवीत जातं. तुमच्या ३० सेंटीमीटरच्या कांगारूत ते जेमतेम पाऊण सेंटीमीटर भरेल, विणायचं कसलं, एक गाठीचा टाका मारा पिशवीच्या आत!

खांबसाखळी
@घनमूळ गणित बरोबर असेल हो पण ३ सेंटीमीटरचं सुटं पिल्लू म्हणजे थेट बाळाच्या घशात. ताई, एक तर ते आईच्या छातीशी दोन्ही पंज्यांमध्ये पक्कं शिवून टाका, पांडीण तसंही त्याला सतत धरूनच असते, नाहीतर माप सोडा आणि मूठभर मोठं करा.

उगाचच
खरं सांगू का, नवजात पांडा उंदरासारखा दिसतो. आठ वर्षांच्या मुलीला तो कुशीत घेऊन झोपावंसं वाटेल का? ज्ञान वाढेल पण खेळणं कपाटात जाईल.

निशाचर
मुलांना विचित्र गोष्टीच जास्त आवडतात असा माझा अनुभव. पण गोड हवं असेल तर मलायन टापिर बघा, छोट्या सोंडेचा डुकरासारखा प्राणी. आई पुढून-मागून काळी, मध्ये पांढरी झूल घातल्यासारखी. पिल्लू तपकिरी आणि अंगभर पांढुरके पट्टे न् ठिपके, जंगलात पानांतून पडणाऱ्या कवडशांत लपावं म्हणून, सहा-सात महिन्यांत ते जातात. फ्रान्स्वा लंगूर म्हणून एक माकड आहे, आईबाप कुळकुळीत काळे आणि पोर भडक केशरी. त्यात रंग बदलायची भानगड जवळजवळ नाही, अख्खं पोर एकाच लोकरीत निघेल, मला वाटतं ताईंसाठी हेच सगळ्यात सोपं.

पिसारा
पक्षी विसरू नका रे! फ्लेमिंगोचं पिल्लू राखाडी-पांढरं असतं, गुलाबी रंग पुढे खाण्यातल्या कॅरोटिनॉइड्स नावाच्या रंगद्रव्यांमुळे चढतो. पण पॅटर्न करणारे सगळे हमखास चुकतात ते चोचीत, पिल्लाची चोच सरळ असते, तो खालचा बाक नंतर येतो. म्हणजे विणायलाही सोपं, साधा शंकू. आणि आईबाप दोघंही त्याला घशातून एक लालभडक द्रव भरवतात, क्रॉप मिल्क म्हणतात, व्हिडिओत बघितलं तर रक्तच वाटतं, भाचीला ते माहीत असेलच. दुसरा किंग पेंग्विन. पिल्लाच्या अंगावर जाड तपकिरी लव असते, जुने खलाशी त्याला वेगळीच जात समजायचे. मेलबर्नच्या सी लाइफमधला पेस्टो आठवतो का, २०२४ मधला, २२ किलोच्या आसपास गेला होता, शेजारी उभे असलेले मोठे पेंग्विन त्याच्यापुढे काडीपहिलवान. ही एकच जोडी जिथे पिल्लू आईपेक्षा मोठं विणायला हरकत नाही.

उगाचच
बाबा नसलेली जोडी पण करा एक. इंग्लंडच्या चेस्टर झूमध्ये फ्लोरा नावाच्या कोमोडो ड्रॅगनने (भली मोठी घोरपडच म्हणा) २००६ मध्ये नर कधी जवळपाससुद्धा आलेला नसताना अंडी घातली आणि त्यातून पिल्लं निघाली. त्यांच्यात लिंग ठरवणारी दोन वेगळी गुणसूत्रं मादीत असतात आणि नरात दोन सारखी, म्हणजे आपल्या उलट, त्यामुळे अशी झालेली पिल्लं सगळी नरच. आणि पिल्लू आईसारखं दिसत नाही या अटीतही बसतं, आई मातकट आणि पिल्लू हिरवट, पिवळे-काळे पट्टे असलेलं, झाडावर राहतं कारण खाली उतरलं तर मोठे ड्रॅगनच खातात.
वाँबॅट (ऑस्ट्रेलियातला पिशवीवाला प्राणी) केलात तर सोबत घनाकृती शी विणायला विसरू नका, वाँबॅटच्या आतड्याची भिंत कुठे कडक कुठे सैल असते म्हणून शी चौकोनी पडते, त्या शोधाला २०१९ चा इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार) मिळालाय. सहा चौकोन विणून जोडा, टाके वाढवणं नाही की घटवणं नाही.

लोकरवेडी
अहो किती छान माहिती, सगळ्यांना धन्यवाद! उगाचच, ती शी नक्की होणार, भाची लोळून हसेल. तर असं ठरवतेय, लंगूर आधी (केशरी लोकर घरात पडूनच आहे), मग फ्लेमिंगो सरळ चोचीचा, मग पेंग्विन, आणि पांडा आईच्या पंज्यात शिवून. कोमोडोचे पट्टे बघून घाम फुटला, तो राहू दे. पेंग्विनच्या पिल्लाची ती जाड लव कशी आणायची? फर यार्न वापरून बघितलंय, टाकेच दिसत नाहीत, मोजायचं कसं?

खांबसाखळी
फर यार्न नकोच. साध्या अॅक्रिलिक लोकरीत विणा आणि कुत्र्या-मांजराचे केस विंचरायचा तारांचा ब्रश मिळतो ना त्याने वरून घासा, धागा सुटून मस्त लव येते. सुती धाग्याला येत नाही. चोच आणि पाय जोडायच्या आधी घासा, नाहीतर तेही पिंजून निघतील, आणि शेवटी हाताने झटकून सुटे तंतू काढा, बाळ आहे घरात. आधी एक छोटा चौकोन विणून त्यावर करून बघा, काही लोकरी घासल्या की पार विरतात.