‘फिर मिले सुर’ पाहिलंत तेव्हा तुमचं काय झालं?

परवा भाचीला ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ दाखवायला बसले. घाईत नवं लागलं, ‘फिर मिले सुर’. चौथ्या-पाचव्या मिनिटाला कार्टी विचारते, “मावशी, गाणं कधी सुरू होणार?” मग जुनं लावलं. पंडित भीमसेन जोशींनी धबधब्याकाठी सूर लावला आणि ती गप्प बसली. सहा मिनिटं हलली नाही. (नंतर मोबाइल मागितला, तो भाग वेगळा.)

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी: जुनं गाणं म्हणजे राष्ट्रीय एकात्मतेचं, चौदा भाषांतलं गाणं, १५ ऑगस्ट १९८८ ला लाल किल्ल्यावरच्या भाषणानंतर दूरदर्शनवर पहिल्यांदा लागलं. शब्द पियूष पांडे यांचे, चाल आपल्या अशोक पत्कींची, संगीत संयोजन लुई बँक्स यांचं, चित्रण कैलाश सुरेंद्रनाथ यांचं. नवं आलं २६ जानेवारी २०१० ला. त्यातही बँक्स आणि सुरेंद्रनाथ होतेच. म्हणजे कुणी परक्याने येऊन वाट लावली, असंही म्हणायची सोय नाही. लांबी मात्र सहा मिनिटांवरून सोळाच्या पुढे गेली.

तर लिहा. फक्त ‘जुनं ते सोनं’ एवढंच नको, नेमकं काय टोचलं ते सांगा.

*

आमच्या वाड्यात एकच टीव्ही. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. मालकीणबाई शटर सरकवायच्या तो खर्रर्र आवाज अजून कानात आहे. रामायण नुकतंच संपलं होतं, महाभारत सुरू व्हायचं होतं, मधल्या त्या भाकड दिवसांत हे गाणं आलं. लताबाईंच्या साडीला तिरंगी पदर आहे हे मला कधी कळलं असेल? मामाकडे रंगीत टीव्ही आल्यावर, सहा वर्षांनी. तोवर माझ्या लेखी ती पांढरी साडी होती. त्या दिवशी मामीला ओरडून बोलावलं होतं.

नव्यात सगळं रंगीतच रंगीत आहे. पण मामीला हाक मारावी असं काही सापडलं नाही.

*

आम्ही रेल्वे कॉलनीतले. वरच्या मजल्यावर तमिळ कुटुंब. गाण्यातली तमिळ ओळ आम्ही पोरं जी काही म्हणायचो, ती ऐकून वरच्या मामी जिन्यात बसून हसायच्या. एका रविवारी त्यांनी आम्हा पाच जणांना ओळीत बसवलं आणि एकेक शब्द तोडून शिकवला. त्यातला एक ‘ळ’सारखा उच्चार आमच्यापैकी एकालाच जमला आणि तो वर्षभर भाव खात फिरला. मग मल्याळमची ओळ, ती हत्तीवरच्या माहुताची. ती मामींनाही नीट येत नव्हती, म्हणजे आमच्यातलाच एक वीक पॉइंट त्यांच्यातही निघाला!

मराठी ओळ आली की आई पिठाच्या हातांनी बाहेर यायची. तनुजाला बघून दर वेळी तेच म्हणायची, “बघा, आपली.” काही सेकंदांचा मामला. पण प्रत्येकाला आपली पाळी येण्याची वाट बघावी लागायची, आणि वाट बघताना बाकीच्या तेरा भाषा आपोआप पाठ व्हायच्या. नवं बघताना लक्षात आलं की मी ओळीची वाट बघतच नाहीये, आता पुढचा हिरो कोण येतोय ते बघतेय. शाहरुख येईपर्यंत भाषा कोणती चाललीये याकडे लक्षच नव्हतं.

*

थोडं गाण्याबद्दल बोलतो, वीस वर्षं पेटी वाजवतोय म्हणून. मूळ गाणं भैरवीवर उभं आहे. मैफलीत भैरवी झाली की लोक चपला शोधायला लागतात, कारण ती शेवटी येते. इथे सुरुवातच भैरवीने, तीही भीमसेनजींच्या गळ्यातून. भैरवीत गुणी माणूस बाराही सूर घेऊ शकतो, त्यामुळे पंजाबी, बंगाली, कन्नड, कुठलाही रंग चढवा, घर तेच राहतं. बालमुरलीकृष्ण समुद्रकाठी गातात तेव्हा वळण बदलतं, पण उंबरा ओलांडल्यासारखं वाटत नाही.

नव्यात माणसं थोर आहेत. रहमान, शिवकुमार शर्मा, अमजद अली खाँ, कुणाला नाव ठेवणार? गोची वेगळीच. प्रत्येकाने आपापली खास जागा घेतलीय. दहा जण दहा हरकती घेऊन गेले की चाल शोधावी लागते. लग्नात प्रत्येक पाहुण्याने माइक मागितला तर जे होतं ते झालंय.

*

मी उलट मत मांडणार, दगड मारू नका. माझा जन्म १९९९ चा. मी नवंच आधी पाहिलं, पाचवीत. सलमान ऐकू न येणाऱ्या मुलांसोबत खुणांच्या भाषेत गाणं करतो तो भाग आठवतोय कुणाला? माझा सख्खा भाऊ ऐकू शकत नाही. घरात पहिल्यांदा एखादं देशाचं गाणं आम्ही दोघांनी मिळून ‘म्हटलं’. जुन्यात चौदा भाषा आहेत, त्याची भाषा नाही. बाकी सोळा मिनिटं कंटाळवाणी आहेत, मान्य. तेवढी तीस-चाळीस सेकंदं ठेवा आणि उरलेलं टाका.

*

वरचा प्रतिसाद वाचून दोनदा लिहिलेलं खोडलं. आता माझा गुन्हा सांगते.

२०११ चं गॅदरिंग. मी शाळेत नवी, उत्साह दांडगा. जुनं गाणं ‘फार वेळा झालंय’ म्हणून मीच नवं सुचवलं. आम्हाला वेळ मिळाला सात मिनिटं. गाणं सोळाचं. साउंडवाल्याला सांगितलं, मधलं काप. त्याने कापलं, पण कुठे ते त्यालाच ठाऊक. शेवटी चाळीस मुलांनी भारताचा नकाशा करायचा होता, जुन्या गाण्याच्या शेवटी आहे तसा. म्हणजे बघा, नवं निवडूनही शेवट जुन्याचाच उचलला होता.

प्रत्यक्षात काय झालं? सरोदचा तुकडा चालू असतानाच ट्रॅकने उडी मारली आणि थेट शेवट लागला. पंजाबचे ढोलवाले अजून स्टेजवर. विंगेतून नकाशावाली पोरं धावली. गुजरात झालेला मुलगा घाबरून आसामच्या बाजूला जाऊन उभा राहिला. काश्मीरची वेणी ढोलाच्या दोरीत अडकली. श्रीलंका म्हणून एक पहिलीतली पोर ठेवली होती, तेवढी एकटी बरोबर जागेवर होती, हात जोडून. पालक पोट धरून हसत होते. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, “बाई, जुनं काय वाईट होतं?”

पुढच्या वर्षी जुनं केलं. पेटी, तबला आणि गळे, ट्रॅक नाहीच. गुजरात तेवढा जागेवर राहिला.

*

जाहिरातीत काम करतो. आमच्याकडे सांगतात की पियूष पांडेंचे सतरा मसुदे परत आले आणि अठरावा पास झाला. आमचा दुसराच मसुदा पास होतो, कारण डेडलाइन असते. बाकी तुम्ही समजून घ्या.

आणि एक. जुन्यात खेळाडू बघा: प्रकाश पदुकोण, कोलकात्याच्या मेट्रोतून उतरणारे चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी. ती मेट्रो १९८४ ला सुरू झालेली, देशातली पहिली, लोकांना तिचंच केवढं अप्रूप. नव्यात खेळाडू आहेत, पण सिनेमावाल्यांच्या गर्दीत हुडकावे लागतात.

*

आमचे बाबा. नवं येणार हे पेपरात वाचून ठेवलेलं. त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्ची टीव्हीसमोर ओढून बसले. आईला हाक, मला हाक, शेजारच्या काकांनाही हाक. गाणं सुरू झालं. बाबा मांडीवर ठेका धरून होते. तो मध्येच कधीतरी थांबला. मग चष्मा काढून पुसला, परत घातला. साधारण दहाव्या मिनिटाला उठले आणि काकांना म्हणाले, “चहा घेणार का?”