नॅशनल मेरिट फायनलिस्टचं पत्र अजून नाही, आणि नकार आलाच तर अपील करता येतं का?

प्लेनोची_आई

नमस्कार मंडळी, टेक्सासमधून लिहितेय. लेक सीनिअर इयरला आहे, सप्टेंबरमध्ये नॅशनल मेरिटची (अकरावीतल्या पीएसएटी परीक्षेवरून सुरू होणारी इथली स्कॉलरशिपची स्पर्धा) सेमीफायनलिस्ट झाली, पुढची पायरी फायनलिस्ट, तेव्हा घरात नुसता जल्लोष, सासूबाईंनी सांगलीत अख्ख्या गल्लीला सांगून झालं. ऑक्टोबरमध्ये अर्ज, निबंध सगळं वेळेत गेलं, एसएटीचा (कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा) स्कोअर त्यांच्या ००८५ कोडवर पाठवला, तो पोचल्याचंही बघितलं. आता फेब्रुवारी अर्धा संपत आला आणि पत्राचा पत्ता नाही. शाळेतल्या दोघांना आलं म्हणे. मी रोज सकाळी चहाच्या आधी पोस्टाचं ते इन्फॉर्म्ड डिलिव्हरीचं ईमेल उघडते, त्यात आज येणाऱ्या पाकिटांचे काळेपांढरे फोटो असतात ना, ते मोठे करून करून नॅशनल मेरिटच्या ऑफिसचा इलिनॉयचा पत्ता दिसतोय का बघते, आणि रोज निघतं काय तर डेंटिस्ट, कार इन्शुरन्स आणि छप्पर दुरुस्त करून देणाऱ्याची जाहिरात.

धाकधूक कशाची ते सांगते. दहावीत पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्री ऑनर्समध्ये सी ग्रेड आहे. व्हॉलीबॉल खेळताना डोकं आपटलं, कन्कशन झालं, डॉक्टरांनी स्क्रीन आणि वाचन दोन्ही बंद करायला सांगितलं होतं, त्यात दोन मोठ्या टेस्ट गेल्या. नंतर त्याच विषयात ए, बाकी ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांचं ग्रेडचं पत्रक) पण स्वच्छ. पण तो एक सी तिथेच बसलाय. यावरून काढतात का हो? आणि काढलंच तर काही करता येतं का? तिला यूटी डॅलस विद्यापीठात जायचंय आणि तिथलं फायनलिस्टांचं स्कॉलरशिपचं पॅकेज धरूनच आम्ही घरचं गणित मांडलंय, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

मानसी_जर्सी

ताई, आधी एक श्वास घ्या. साधारण १६ हजार सेमीफायनलिस्ट असतात आणि त्यातले १५ हजारांच्या आसपास फायनलिस्ट होतात, म्हणजे बहुतेक सगळेच पुढे जातात. खरी गाळणी सप्टेंबरमध्येच होऊन गेलेली असते. ती पण राज्याराज्यानुसार, आमच्या न्यू जर्सीचा कटऑफ देशात सगळ्यात वरच्यांपैकी असतो, इथे पोराने दोन प्रश्न चुकवले की आईबाप हळहळतात आणि त्याच मार्कांचा दुसऱ्या राज्यातला मुलगा आरामात आत.

पत्रं एकाच दिवशी सगळीकडे पोचत नाहीत. पोस्टाकडे बघत बसण्यापेक्षा शाळेत विचारा, कारण ते मुख्याध्यापकांनाही कळवतात आणि फायनलिस्टचं सर्टिफिकेट शाळेकडेच येतं. आता शाळा ते कधी सांगते हा वेगळा विषय. व्हर्जिनियातल्या त्या थॉमस जेफरसन हायस्कूलचं आठवतंय ना, कमेन्डेड (सेमीफायनलिस्टच्या खालच्या पायरीवरच्या) मुलांना उशिरा कळवलं म्हणून २०२३ च्या जानेवारीत थेट अॅटर्नी जनरलने चौकशी लावली होती. सांगायचं एवढंच की काउन्सेलरला ईमेल टाकायला लाजू नका.

आबा_कोथरूड

मी पुण्यात असतो, नात कॅलिफोर्नियात अकरावीला आहे म्हणून हे वाचतोय. ही आपल्याकडची एनटीएस (राष्ट्रीय प्रज्ञाशोध) होती तसलीच परीक्षा का? (ती तर २०२१ पासून बंदच पडलीये, वाईट झालं.) आमच्या वेळी चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपला बसायचं, निकाल लागला की गुरुजी फळ्यावर नावं लिहायचे, विषय संपला. मार्क पडले तर पडले. इथे मार्क पडूनसुद्धा परत निबंध, परत मुख्याध्यापकांची शिफारस, हे मला जरा अजब वाटतं. आणि मुलाचा व्हिसा एच४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या बायकामुलांचा) असेल तर चालतं का, कारण आमच्या सुनेचं ग्रीन कार्ड अजून रांगेतच आहे.

मानसी_जर्सी

आबा, पहिला टप्पा एनटीएससारखाच, ऑक्टोबरात अकरावीत पीएसएटी द्यायची. पुढच्या टप्प्यात मात्र नववीपासूनचे सगळे ग्रेड, शाळेची शिफारस, निबंध, आणि पीएसएटीचे मार्क तुक्क्याने पडले नाहीत हे दाखवायला एसएटी किंवा एसीटी. एच४ चं म्हणाल तर पूर्वी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डची भानगड होती, आता अमेरिकेतल्या शाळेत शिकत असेल तर चालतं. नातीला बसू द्या बिनधास्त.

खडूस_काका

मला शिव्या घाला पण कोणीतरी हे बोलायला हवं. नॅशनल मेरिटची जी मूळ स्कॉलरशिप आहे ती २५०० डॉलर, तीही एकदाच, आणि १५ हजार फायनलिस्टांपैकी निम्म्यांहून जास्त मुलांना त्यांच्याकडून एक पैसाही मिळत नाही. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी या मंडळींना याचं काडीचं कौतुक नाही, ते मेरिटवर पैसे देतच नाहीत, आणि फायनलिस्टचं पत्र येईपर्यंत तिथले अर्ज जाऊन महिना उलटलेला असतो. लोक व्हॉट्सॅपवर डीपी बदलतात, केक कापतात आणि मग एप्रिलमध्ये कळतं की पोरगं जिथे चाललंय तिथे याचे शून्य डॉलर.

पण प्लेनोच्या ताईंची केस वेगळी आहे हे मान्य. यूटी डॅलस, अलाबामा, ओक्लाहोमा असल्या ठिकाणी फायनलिस्ट असण्यावर घसघशीत रक्कम ठरते. तिथे जायचं असेल तर भांडा. नुसतं पाटीवर नाव हवं म्हणून असेल तर सेमीफायनलिस्ट हे नाव कोणी काढून घेत नाही, ते रेझ्युमेवर राहतंच.

रिचर्डसनकर

सीवरून काढतात, हो. ग्रेडसाठी नक्की आकडा ते सांगत नाहीत, "रेकॉर्ड उत्तम हवं" एवढंच, त्यामुळे एक सी असून झालेली मुलं पण मला माहितीयेत आणि दोन बी वर धास्तावलेले पालक पण. फरक कशाने पडतो तर शाळेने अर्जात त्या सीबद्दल काही लिहिलं होतं का. तुमच्या काउन्सेलरने कन्कशनचा उल्लेख केला होता का हे आधी विचारून घ्या, पत्र यायची वाट न बघता.

प्लेनोची_आई

आलं पत्र. नाही झाली. पाकीट पातळ होतं तेव्हाच नवरा म्हणाला की काहीतरी गडबड आहे. कारण लिहिलंय, शैक्षणिक रेकॉर्ड. लेक काही बोलली नाही, सरळ क्लबच्या प्रॅक्टिसला निघून गेली, मीच बसले रडत.

आणि रिचर्डसनकर, तुम्ही म्हणालात तेच. काउन्सेलर ऑगस्टमध्ये नवीन आलेल्या, त्यांच्याकडे चारशेच्या वर मुलं, त्यांना कन्कशनचं माहितीच नव्हतं, अर्जात एक ओळ नाही. डॉक्टरांचं पत्र शाळेच्या नर्सच्या फाइलमध्ये तेव्हापासून पडून आहे. आता मी स्वतः एव्हन्स्टनला, नॅशनल मेरिटच्या ऑफिसात, फोन करू का? सगळं नीट समजावून सांगते त्यांना.

रिचर्डसनकर

फोन करू नका, निदान आधी तरी नको. आमच्या थोरल्याच्या वेळी हेच झालं होतं (त्याचं कारण वेगळं, शाळा बदलल्यामुळे ग्रेड चुकीचे चढले होते) आणि आमचं अपील मान्य झालं, पण ते शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीने गेलं म्हणून. आईबापांनी लिहिलेल्या चार पानी पत्राला तिथे वजन नाही, आपली पोरं हुशार आहेत हे सगळेच आईबाप लिहितात. शिफारस शाळेची होती, तर नवीन माहितीही शाळेनेच द्यायला हवी.

पत्र एका पानाच्या वर नको. त्यात दुखापतीची तारीख, डॉक्टरांनी वाचन किती आठवडे बंद ठेवलं, त्या काळात कुठल्या टेस्ट आल्या, आणि मग दुसऱ्या सेमिस्टरचा ए. केमिस्ट्रीच्या टीचर अजून तिथेच असतील तर त्यांच्या दोन ओळी सोन्यासारख्या, "ही मुलगी आधी आणि नंतर कशी होती" एवढंच त्यांनी लिहायचं. डॉक्टरांच्या पत्राची कॉपी आणि ट्रान्सक्रिप्ट जोडा. व्हॉलंटियरिंग, भरतनाट्यमचं अरंगेत्रम, रोबोटिक्सची पदकं यातलं काहीही घालू नका, त्यांनी नकार ज्या कारणाने दिलाय त्या कारणालाच उत्तर द्यायचं. आणि "अन्याय" हा शब्द चुकूनसुद्धा नको.

मुख्य म्हणजे घाई करा. कॉलेजांनी स्वतःच्या स्पॉन्सर्ड स्कॉलरशिप द्यायला मार्चमध्ये सुरुवात होते. काउन्सेलरना हे मार्चच्या स्प्रिंग ब्रेकआधी करायला सांगा, एकदा ब्रेक लागला की शाळेत सही करायला कोणी सापडत नाही.

हर्षदा_ओहायो

दुसरी बाजू पण सांगते, उगाच आशा वाढायला नको. आमचं अपील फेटाळलं. अकरावीत दोन सी होते, आजारपण वगैरे काही नव्हतं, पोराचं लक्ष नव्हतं, आणि शाळेने फक्त "तो फार चांगला मुलगा आहे" असं लिहिलं. त्यात नवीन काहीच नव्हतं तर ते तरी काय बदलणार. तुमच्याकडे तारखेसकट कागद आहे, म्हणून तुमची केस आमच्यापेक्षा कितीतरी भक्कम वाटते.

आणि नवऱ्याच्या किंवा तुमच्या कंपनीत एचआरला विचारलंत का? काही कंपन्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना नॅशनल मेरिटमार्फत स्पेशल स्कॉलरशिप देतात, त्या फायनलिस्ट न झालेल्या मुलांनाही मिळू शकतात, पण त्यासाठी कंपनीचा वेगळा फॉर्म वेळेत भरलेला असावा लागतो. बऱ्याच लोकांना माहितीच नसतं. धाकटं कोणी असेल तर त्याच्यासाठी तरी आत्ताच लिहून ठेवा.

खडूस_काका

आणि यूटी डॅलसच्या अॅडमिशन ऑफिसला पण आजच ईमेल टाका, अपील चालू आहे, निकाल लागेपर्यंत किती तारखेपर्यंत थांबाल. ते रोज असल्या केसेस बघतात. फार तर नाही म्हणतील. शिवाय सेमीफायनलिस्टला काही वेगळं देताय का तेही विचारा, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

प्लेनोची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काउन्सेलर खूपच चांगल्या निघाल्या, त्यांनी स्वतःहून नर्सकडची फाइल काढली, मुख्याध्यापकांची उद्याची वेळ मिळालीये. केमिस्ट्रीच्या टीचरला लेकीने स्वतः ईमेल केलं, मला वाचायलासुद्धा दिलं नाही. एकच विचारायचं राहिलं, नॅशनल मेरिटच्या पोर्टलवर फर्स्ट चॉइस (पहिल्या पसंतीचं) कॉलेज अजून अनडिसायडेड ठेवलंय, ते आत्ताच यूटी डॅलस करू का अपीलचा निकाल लागल्यावर?

रिचर्डसनकर

बदलता येत असेल तर आत्ताच करून टाका, दुसरीकडे जायचा विचार नाहीये ना तुमचा? पोर्टल बंद दिसलं तर काउन्सेलरना अपीलच्या पत्रातच शेवटी एक ओळ टाकायला सांगा, की मुलीची पहिली पसंती अमुक कॉलेज. आणि पाठवताना ट्रॅकिंगवालं पाकीट घ्या, म्हणजे निदान ते पोचलं की नाही यासाठी तरी रोज सकाळी फोटो मोठे करून बघायला नकोत.